झाकण काढले आणि पारा उतरला: परभणीतल्या एका फिश टँकचा उन्हाळा

परभणीत एप्रिलअखेर ४२ अंश ही बातमी नसते. हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवे आणि शिवाय ते सरासरीच्या साडेचार अंश वर हवे, किंवा पारा सरळ ४५ला टेकायला हवा. तरच ती उष्णतेची लाट. आपली सरासरीच इतकी चढी, की अंगाची लाही करणारे कित्येक दिवस कागदावर लाट ठरतच नाहीत. काचेच्या टाकीतल्या माशांना सरासरीशी देणेघेणे नसते. पाणी तापले की त्यांचा जीव टांगणीला लागतो.

हे प्रकरण जिंतूर रोडकडच्या एका शिक्षक कुटुंबाचे. घर दुसऱ्या मजल्यावर, डोक्यावर उघडा आरसीसी स्लॅब, हॉलची एक भिंत पश्चिमेला आणि नेमका तिलाच लागून फिश टँक. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. दगड-वाळू वजा जाता आत साधारण ९० लिटर पाणी. चार गोल्डफिश, सहा काळ्या मॉली, दोन गुरामी आणि एक सकर. वर लाकडी झाकण, त्यात एलईडीची पट्टी. आत पाण्यात बुडालेला १८ वॅटचा फिल्टर. पाणी बोअरचे, टीडीएस (विरघळलेले क्षार) ८५०च्या आसपास, पीएच ८.२, म्हणजे अल्कधर्मी. एअर पंप घरात होता, पण तो रात्री घरघरतो म्हणून कपाटात ठेवलेला.

मला फोन आला तो आठवीतल्या मुलीचा. “काका, गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करायलेत. सकर पण वर येऊन परत खाली जायलाय. बाबांनी बर्फाची बाटली टाकलीय, पाणी पण बदललंय. दोन मेले.”

मी तिला पाण्याच्या तापमानाआधी गुरामींचे विचारले. ते नेहमीसारखेच प्लास्टिकच्या झाडात फिरत होते. मॉली फिल्टरच्या तोंडाशी गोळा झालेल्या. निम्मे निदान तिथेच झाले. गुरामीला कल्ल्यांखेरीज वरची हवा घेण्याचे वेगळे इंद्रिय असते. पाण्यातला प्राणवायू घटला तरी तो दम धरतो. सकरसुद्धा गरज पडली की वर येऊन हवेचा घोट घेतो, एरवी तो तळ सोडत नाही. मॉली मुळात उष्ण आणि क्षारयुक्त पाण्यात रमणारी. गोल्डफिश मात्र थंड पाण्याचा मासा, १८ ते २४ अंशांत खूश, आणि अंगाने मोठा, म्हणजे प्राणवायूची मागणीही मोठी. जे मेले ते दोघे सगळ्यांत मोठे होते. निव्वळ उष्णतेने मासे मरत असते तर बाकीचेही आजारी दिसले असते. इथे आधी श्वास कोंडला होता.

मुलीकडे वही होती, हे या प्रकरणाचे नशीब. तिने शाळेच्या प्रकल्पासाठी पाण्याचे तापमान लिहायला सुरुवात केली होती, आधी काचेवर चिकटवायच्या पट्टीवरून आणि मग मी सांगितल्यावर पाण्यात तरंगणाऱ्या काचेच्या थर्मामीटरने. पट्टी निम्मी काचेचे आणि निम्मी खोलीचे तापमान सांगते. पश्चिमेच्या भिंतीजवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये.

वहीतून पहिली गोष्ट दिसली ती अशी: बाहेर दुपारी दोन-तीनला पारा ४३, पण टँक सर्वांत गरम संध्याकाळी सात-साडेसातला, ३३.५ अंश. सर्वांत गार सकाळी सातला, तेव्हाही ३०.५. नव्वद लिटर पाणी हळूहळू तापते, आणि स्लॅब व पश्चिमेची भिंत दिवसभर पोटात घेतलेले ऊन सूर्य बुडाल्यावर खोलीत सोडत बसतात. दुपारी टँककडे बघून “ठीक आहे” म्हणणारी माणसे रात्री आठला मेलेला मासा बघतात ती यामुळे. (माळवदाच्या, म्हणजे जाड मातीच्या छताच्या घरात हे होत नाही. आजीच्या पाथरीकडच्या जुन्या घरात तोच थर्मामीटर भर दुपारी आतल्या खोलीत ३१च्या पुढे गेला नाही.)

आता त्या दिवशी नेमके काय झाले ते. दुपारी मासे सुस्त दिसले. “पाणी बदललं की तरतरीत होतात” हा घरातला अनुभव, आणि हिवाळ्यात तो खराही होता. सरांनी तिसरा हिस्सा पाणी काढले आणि नळाला पाइप लावून भरले. नळाला पाणी येते गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतून. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मुलीने त्या नळाचे पाणी मोजले: ४१ अंश. साठ लिटर ३१.५ अंशांचे आणि तीस लिटर ४१ अंशांचे मिळून होते ३४.७. म्हणजे गार करायच्या नादात दहा मिनिटांत पाणी तीन अंशांनी चढले. मग घाबरून एक लिटरची बर्फाची बाटली, थोड्या वेळाने दुसरी. संध्याकाळी दोन गोल्डफिश उलटले.

त्यात अमोनियाची भर. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया पाण्यात येतोच. त्यातला विषारी हिस्सा पीएच आणि तापमान दोन्हींवर ठरतो. पीएच ८.२ असताना २५ अंशांना तो साधारण ८ टक्के असतो, ३३ अंशांच्या पुढे १४ टक्क्यांच्या घरात जातो. काही न टाकता, काही न सडता, निव्वळ उन्हाने विष पावणेदोन पट. मराठवाड्यातले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी, त्यामुळे हा धोका पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यापेक्षा इथे जास्त. उन्हाळ्यात खाद्य निम्म्यावर आणा, तेही सकाळी लवकर द्या, असे मी सांगतो ते यासाठी. घरात पाहुणी लेकरे आली की ती दर तासाला चिमूट टाकतात, त्यांना आधी आवरावे लागते.

प्राणवायूबद्दल एक गैरसमज आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो हे खरे, पण फरक लोक समजतात तेवढा नाही: समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८.२ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ६.९. एवढ्याने गोल्डफिश मरत नाही. मरतो तो दुसऱ्या बाजूने. पाणी दहा अंशांनी तापले की माशाच्या शरीराचा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो, फिल्टरमधले जिवाणूही जास्त प्राणवायू खातात, आणि वर झाकण बंद, पृष्ठभाग संथ, एअर पंप कपाटात. मग जमा थोडी आणि खर्च मोठा. पहिल्याच संध्याकाळी कपाटातला एअर पंप बाहेर निघाला आणि फिल्टरचे तोंड पृष्ठभाग घुसळेल असे वर वळवले. तासाभरात उरलेले दोन गोल्डफिश खाली गेले. तापमान तेव्हा तसेच ३३ होते.

बर्फाचा हिशेब

बर्फाच्या बाटलीवर माझा राग नाही, पण तिची ताकद किती ते समजून घ्यावे. एक किलो बर्फ वितळून ३० अंशांपर्यंत येताना साधारण ४६० किलोज्यूल उष्णता घेतो. नव्वद लिटर पाण्याला एका अंशाने उतरवायला ३७७ किलोज्यूल लागतात. म्हणजे एका बाटलीत सव्वा अंश, तोही तास-दोन तासांपुरता, कारण खोली ती उष्णता लगेच परत भरते. दिवसभर टँक गार ठेवायचा तर घरच्या फ्रिजचे डीप फ्रीझर माशांच्याच नावावर करावे लागेल. त्यात पारा वर-खाली होतो तो वेगळाच. असा झटका बसला की माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठायला वेळ लागत नाही. मी बाटली ठेवतो ती अडीअडचणीला, एका वेळी एक, तासाला एखाद्या अंशापेक्षा जास्त उतार होणार नाही अशी.

आता दुसरा हिशेब. एक लिटर पाणी वाफ होऊन उडते तेव्हा ते सोबत सुमारे २४३० किलोज्यूल घेऊन जाते. पाच किलो बर्फापेक्षा जास्त. नव्वद लिटरला सहा अंशांहून अधिक उतरवण्याइतकी उष्णता, आणि ती दिवसभर थोडी थोडी जाते, झटका न देता.

आजीला हे आकडे नको होते. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, “माठाला ओलं फडकं गुंडाळतेत तसं करा की.” मुद्दा बरोबर होता, माठ गार होतो तो पाझरून, पाझरलेले पाणी उडून. फक्त काच पाझरत नाही. टँकला उडायला जागा एकच, वरची, आणि ती आपण लाकडी झाकणाने बंद केलेली. आजीच्या आग्रहाने एका रात्री मागच्या काचेला ओला टॉवेल लावून पाहिला. थोडा फरक पडलाही, पण टॉवेलचे एक टोक पाण्यात पडले आणि त्याने रात्रभर पाणी ओढून टीव्हीच्या कपाटात सोडले. तो प्रयोग तिथेच संपला.

पंखा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून दोन जुने १२ व्होल्टचे पंखे आणले, कॅबिनेटमध्ये असतात ते. जुन्या वायफाय राउटरचा अडॅप्टर जोडला. झाकण काढले, वर नायलॉनची जाळी ताणली, कारण मॉली उडी मारते. पंखे टँकच्या कडेला असे तिरपे बसवले की वारा पाण्यावरून घासत जाईल. सरळ खाली तोंड केले तर तो पाण्यावर आदळून तिथल्या तिथे घुटमळतो. वायरला प्लगच्या आधी खाली झोळ ठेवला, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी झोळाला टपकते, बोर्डात शिरत नाही.

नुसते झाकण काढल्यावर संध्याकाळचा आकडा ३३.५ वरून ३२.५ झाला. एक पंखा लावल्यावर दुसऱ्या संध्याकाळी ३०. दोन लावल्यावर २८.५. बाहेर तेव्हा ४३ आणि खोलीत ३६ होते. सरांना पहिल्यांदा विश्वास बसला नाही, त्यांनी थर्मामीटर झटकून परत घातला.

हे साधते ते आपल्या कोरड्या हवेमुळे. खोलीत ३६ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २१-२२ अंश दाखवतो. उडणारे पाणी पाण्याला जास्तीत जास्त तिथपर्यंत नेऊ शकते. टँक तितका खाली जात नाही, कारण काचेतून उष्णता आत येतच राहते, पण ओढ खालीच असते. कोकणातल्या दमट मे महिन्यात हाच पंखा दीड-दोन अंशांवर थांबेल. मुंबईतल्या हौशी मित्रांचे सल्ले परभणीत जसेच्या तसे वापरू नयेत, आणि आपलेही त्यांना देऊ नयेत. चिलरची चौकशी सरांनी केली होती. टँक, मासे, फिल्टर मिळून जेवढा खर्च झाला त्याच्या कितीतरी पट किंमत ऐकून फोन ठेवला. समुद्री मासे पाळणाऱ्याला तो लागतो. मॉली-गुरामीला ही उधळपट्टी आहे.

पण उडालेले पाणी फुकट जात नाही, त्याची किंमत असते. दोन पंख्यांनी दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी उडत होते. उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. रोज तीन लिटर बोअरचे भरले तर महिन्यात नव्वद लिटर, म्हणजे अख्ख्या टँकभर बोअरच्या पाण्यातले क्षार वरून जमा. ८५०चा टीडीएस महिनाभरात १७००. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर चढायला लागला की समजावे. म्हणून पाण्याची पातळी राखायला आरओच्या जारचे पाणी, आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलायचे तेव्हाच बोअरचे. ते सुद्धा आदल्या रात्री बादलीत भरून हॉलमध्ये ठेवलेले आणि सकाळी घातलेले, गच्चीच्या टाकीतून दुपारी नव्हे. नळाचे पालिकेचे पाणी वापरणाऱ्यांनी त्यात अँटी-क्लोरीनचे थेंबही घालावेत. पाणी आठवड्याने येते तेव्हा ब्लीचिंगचा वास नाकाला येतोच. शहरात पाण्याची ओढाताण असताना माशांसाठी जार, हा प्रश्न शेजाऱ्यांनी विचारला आणि तो गैर नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, हे इथे कोणी विसरलेले नाही. या घरात आरओ मशीनचे वाया जाणारे पाणी फरशी पुसायला आणि टँकमधून काढलेले पाणी कुंड्यांना जाते. कुंड्यांना ते आवडते.

कूलर आणि डास

मेच्या मध्यावर वहीत एक विचित्र आकडा आला. पंखे चालू, बाहेर ऊन तेवढेच, तरी पाणी ३० अंश. त्याच आठवड्यात हॉलमध्ये कूलर लागला होता आणि “गार हवा बाहेर जाते” म्हणून रात्री समोरची खिडकी बंद. कूलरसुद्धा पाणी उडवूनच खोली गार करतो. खिडकी बंद असली की दमट हवा खोलीतच साचते, मग कूलरही काम करीत नाही आणि टँकवरचा पंखाही. समोरची खिडकी वीतभर उघडली, दोन्ही सुधारले. घरातल्या माणसांनाही चिकचिक कमी झाली, हा वरकड फायदा.

झाकण काढल्यावर एक नवा धोका मात्र दारात उभा राहतो, आणि त्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाहीत. डासांसाठी वापरायचे स्प्रे आणि मशीनमधले लिक्विड यांत जी पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे असतात ती माणसाला सौम्य, पण माशांसाठी अत्यंत विषारी. उघड्या पाण्यावर ती थेट बसतात, आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून तीच पाण्यात सोडतो. कूलरच्या टाकीत डास होऊ नयेत म्हणून कोणी फिनेल किंवा रॉकेलचे थेंब टाकतात, कोणी मोगऱ्याचे सेंट टाकतात. तो झोत टँकवर येऊ देऊ नये. या घरात हॉलमध्ये स्प्रे बंद करून खिडकीला जाळी बसवली. स्प्रेपेक्षा जाळी महाग पडली, पण एकदाच.

रोहिणी

मे सुटला असे वाटले तेव्हा खरी परीक्षा आली. रोहिणी नक्षत्र लागले, ढग जमायला लागले, पारा ३७वर उतरला आणि लोक सुस्कारा टाकू लागले. टँक मात्र ३१ला गेला. हवेत दमटपणा आला होता. पंख्याचा जोर हवा कोरडी असेपर्यंतच. मृगाआधीच्या त्या दोन आठवड्यांत आकाशातला पारा उतरतो आणि टँकमधला चढतो, आणि नेमके तेव्हाच लोक काळजी घेणे सोडतात.

त्यातच एका संध्याकाळी वावटळ, कुठेतरी झाड तारांवर पडले आणि वीज गेली ती मध्यरात्रीपर्यंत. घरात इन्व्हर्टर होता, पण टँकचा प्लग त्याच्या लाइनवर नव्हता. इथे राउटरचा मिनी यूपीएस कामाला आला. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, बारा व्होल्ट देणारा; कॅबिनेटचा पंखा इतकी कमी वीज खातो की तो त्यावर कित्येक तास फिरतो. एअर पंप यूएसबीचा घेऊन ठेवला होता, तो पॉवर बँकवर लावला. दोन्हींतून एकच चालवता येणार असेल तर आधी एअर पंप, मग पंखा. ३१ अंशांत मासा दिवस काढतो, हवेशिवाय तास काढत नाही. हे काहीच नसेल तर तांब्याने पाणी वर उचलून हातभर उंचीवरून परत टँकमध्ये ओतत राहायचे. आजीने पहिल्या अर्ध्या तासात तेच केले.

वीज आल्यावर मुलगी फिल्टर सुरू करायला धावली, तिला थांबवले. फिल्टर काही तास बंद राहिला की आतल्या स्पंजमधला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात आणि ते सडके पाणी चालू करताच सगळे टँकमध्ये येते. स्पंज बाहेर काढून टँकच्याच पाण्याच्या बादलीत दोनदा पिळला, नळाखाली नव्हे, आणि मग फिल्टर लावला. त्या रात्री एकही मासा गेला नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस स्थिरावला, पाणी २७-२८वर आले, पंखे काढून झाकण परत बसवले. उरलेले दोन गोल्डफिश पाथरीला आजीच्या अंगणात लिंबाखालच्या सिमेंटच्या हौदात गेले. हजारभर लिटर पाणी आणि सावली, दिवसरात्रीत दोन अंशांचाही फरक नाही. त्यांच्या जागी नवे गोल्डफिश आणायचे नाहीत, एवढे मी सरांकडून कबूल करून घेतले. गुरामी आणखी दोन चालतील. टँक पश्चिमेच्या भिंतीवरून हलवायचा राहिलाच आहे. भरलेला टँक सरकवला की जोड सुटतात, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत रिकामा करतील तेव्हा तो उत्तरेकडे जाईल. मुलीने त्या भिंतीचे तापमान आतापासूनच मोजायला घेतले आहे.